उजव्या कानातून पंधरा वजा

डब्याचं झाकण हातातून निसटून दवाखान्यातल्या सिंकखाली घरंगळत गेलं म्हणून ती वाकली, आणि त्याच क्षणी उजव्या कानात कोणीतरी दाभण खुपसलं. खुपसून बाहेर काढलं नाही; आतच ठेवून सावकाश फिरवायला सुरुवात केली. तिने सिंकची कड धरली. नळ चालूच होता, पाणी स्टीलवर आपटत होतं, पण तो आवाज फक्त डावीकडून येत होता. उजवीकडे एक जाड, गरम भिंत होती आणि भिंतीपलीकडे तिची स्वतःची नाडी. माणसाला आधी दुखतं आणि मग सुचतं. तिचं उलटं झालं. कळ जबड्यात उतरायच्या आत तिच्या डोक्यात एक वाक्य पूर्णविरामासकट उभं राहिलं: इअरफोन बिघडलेला नव्हताच. आणि त्या वाक्याच्या पाठोपाठ, न बोलावता, काल सकाळी बूथमध्ये बसलेला क्रेनवाला आला. नुकतीच दाढी केलेला, एका हातात बटण, दुसरा तळवा गुडघ्यावर, काचेतून तिच्याकडे एकटक बघणारा.

कानाच्या दवाखान्यात लोकांची श्रवणचाचणी घेणं हे तिचं काम होतं: आवाजबंद बूथमध्ये बसलेल्या माणसाने स्वर ऐकू आला की बटण दाबायचं. रोज सकाळी पहिला माणूस यायच्या आधी ती स्वतः बूथमध्ये बसायची, हेडफोन लावायची, लाल उजव्या कानावर, निळा डाव्यावर, आणि एकेक स्वर कमी कमी करत अगदी जेमतेम ऐकू येईल तिथवर आणायची. तिचे कान कुठल्या स्वराला कुठे थांबतात हे तिला पाढ्यांसारखं पाठ होतं. आजचा आकडा कालच्याशी जुळला तर मशीन ठीक. नाही जुळला तर मशीन बिघडलं. कान चुकत नाहीत हे यात धरलेलंच असे. दवाखान्याच्या मालकीण डॉक्टर, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, आल्यागेल्याला सांगायच्या, "माझ्याकडे दोन मशिनं आहेत. एक विकत आणलंय, दुसरं पगारावर आहे." त्यांनी तिचं नावच काटेकोर ठेवलं होतं. थट्टेत ठेवलं होतं, पण ती ते मनातल्या मनात पदवीसारखं लावायची.

परवा सकाळी लाल इअरफोनमधून आवाज क्षीण आला. सगळ्याच स्वरांना सारखा पंधरा डेसिबलनी क्षीण. तिने तीनदा करून पाहिलं आणि मॅडमना सांगितलं. त्या हातातला चष्मा पुसत म्हणाल्या, "दुरुस्तीवाला पुढच्या आठवड्यात येईल. तोवर उजव्या कानातून पंधरा वजा करत जा. वजाबाकी येते ना?" येत होती. त्यात खोटंही काही नव्हतं. इअरफोन जर काट्यावर दिसतं त्यापेक्षा पंधराने हळू वाजत असेल, तर समोरचा माणूस आहे त्याहून पंधराने जास्त बहिरा दिसणार. ते पंधरा काढून टाकणं हा त्याला दिलेला न्यायच. काल क्रेनवाल्याचा उजवा कान चाळीसवर थांबला, म्हणजे त्याहून हळू आवाज त्याला ऐकू येत नव्हता. चाळीसमधून पंधरा गेले, पंचवीस उरले. त्याच्या कंपनीची मर्यादा पंचवीसचीच. काठावर का होईना, पास. उद्या सकाळपासून तो नव्या कामावर क्रेनच्या केबिनमध्ये चढणार होता. आणि आता या दाभणाने सगळं उलगडून दाखवलं होतं: गेला आठवडाभर तिला सर्दी होती, मग घसा बसला, मग नुसता खोकला राहिला आणि ती स्वतःला बरी झालेली समजू लागली; पण नाकाच्या मागून कानात जाणारी ती बारीक नळी, जी गिळताना क्षणभर उघडून आतली आणि बाहेरची हवा सारखी करते, ती सुजून मिटलेलीच राहिली होती. पडद्यामागे पाणी साठत होतं. क्षीण झाला होता तो तिचा कान. इअरफोन ठणठणीत होता. चाळीस म्हणजे चाळीसच होते.

मॅडमनी तिला पेशंटच्या खुर्चीत बसवलं. दुर्बिणीचं टोक कानात गेलं तेव्हा तिने खुर्चीचे हात घट्ट धरले. "हलू नकोस. गिळ. हं. परत गिळ." मॅडमचा श्वास तिच्या गालावर येत होता, त्याला लवंगेच्या गोळीचा वास होता. "अगं, पडदा लालबुंद झालाय. फुगून आलाय पुरीसारखा, आणि तू सिंकवर डबे काय घासतेस? कधीपासून दुखतंय?"

"आत्ता. आत्ताच सुरू झालं."

"दुखणं आत्ता. बंद कधीपासून आहे?"

 उत्तर तिच्याकडे होतं, पण ते तोंडातून बाहेर येताना मॅडमच्या चेहऱ्याचं काय होईल ते तिला आधीच दिसलं. मग तिने सगळं सांगितलं, लाल इअरफोन, पंधरा, चाळीस, क्रेनवाला. मॅडम औषधं लिहीत होत्या. पेन थांबलं नाही, नुसतं हळू झालं.

"मशीन बिघडलंय असं तू म्हणालीस," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी तुझ्या कानांवर विश्वास ठेवला."

"हो."

"ठीक आहे. पुढच्या आठवड्यात काहीतरी कारण काढून परत बोलावून घेऊ त्याला. तू आता घरी जाऊन झोप. अंगात कणकण आहे तुझ्या."

"तो उद्या चढणार आहे, मॅडम."

"हे बघ, काटेकोर. पंधरा डेसिबलने माणूस ठार बहिरा होत नाही. आणि तापात सगळ्यांनाच वाटतं की जगात जे काही झालंय ते आपल्यामुळे. चार दिवसांनी काही आभाळ कोसळत नाही."

"आभाळ नाही. लोखंड आहे तिथे."

मॅडमनी वर पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या. दमल्या होत्या, बाहेर बाकावर माणसं बसली होती. "जरा मोठ्याने बोल बाई," त्या म्हणाल्या, "तू काय पुटपुटतेस ते मला कळत नाही."

हे वाक्य तिने गेले काही दिवस इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं होतं की तिचे कान किटले होते. दवाखान्यातली काउंटरवरची मुलगी म्हणाली होती, बसमध्ये शेजारी बसलेली म्हणाली होती, आईसुद्धा फोनवर म्हणाली होती. आणि तिला वाटलं होतं, काय सगळ्यांचेच कान गेलेत एकदम. धंद्याला बरकत आहे असा एक विनोदही तिने काउंटरवरचीला केला होता, आणि तोही तिला दोनदा सांगावा लागला होता. आता औषधाच्या दुकानासमोरच्या पायरीवर, तळहाताने कान दाबून बसल्यावर, ते सगळे एका रांगेत येऊन उभे राहिले. पुस्तकातला अगदी पहिल्या धड्यातला मुद्दा: मधला कान बंद झालेल्या माणसाला स्वतःचा आवाज मोठा ऐकू येतो, म्हणून तो हळू बोलायला लागतो. तिने पेशंटमध्ये हे शेकडो वेळा ओळखलं होतं. दारातून आत येऊन माणूस नुसता "नमस्कार" म्हणाला तरी ती मनात खूण करून ठेवायची. तिने ओठ मिटून बारीक आवाजात "म्" असा स्वर धरला. तो डोक्याच्या मधोमध असायला हवा होता. तो सगळाच्या सगळा उजवीकडे गेला, दुखऱ्या कानात, आणि तिथे मधमाशीसारखा घुमत राहिला. बंद कान जगाला बंद होता. तिच्यासाठी उघडाच होता, नको तितका. हे असं घुमणं तिला परवा आंघोळ करताना गुणगुणतानाही जाणवलं होतं. जाणवलं होतं आणि तिने नळ सोडला होता.

गोळी घेतली, कापूस घातला, ठणका गेला नाही. तिने क्रेनवाल्याला फोन लावला. घंटा बराच वेळ वाजली.

"हां, बोला."

"मी कानाच्या दवाखान्यातून बोलतेय. काल तुमची तपासणी केली ती."

पलीकडे काही क्षण नुसती खसखस. फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर जाण्याची ती खसखस होती. ती कशानेही लपत नाही.

"बोला ताई."

"तुमची तपासणी परत करावी लागेल. उद्या कामावर चढायच्या आधी. माझ्याकडून चूक झालीय."

"काय म्हणालात?"

तिने आवाज चढवला. चढवला की तो तिच्या कवटीत हातोडीसारखा बसत होता. "उजवा कान परत तपासायचाय. तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"यार्डात आलोय, क्रेन बघून घ्यायला. आवाज तुटतोय ताई. मशिनं चालू आहेत इथे."

तिच्या डाव्या कानाला स्वच्छ ऐकू येत होतं. त्याच्यामागे एकही मशीन चालू नव्हतं. कोणीतरी कपबशा विसळत होतं. दूर कुठेतरी लोखंडी दार लावल्याचा आवाज आला आणि मोठ्या रिकाम्या जागेत विरत गेला. "आवाज तुटतोय," तो पुन्हा म्हणाला, अगदी नम्रपणे, आणि फोन बंद झाला.

तिने यार्डाकडे जाणारी बस धरली. उजव्या बाजूची खिडकी मिळाली आणि तिने तो कान काचेला टेकवून पाहिला. काच गार होती, पण इंजिनाची थरथर तिच्यातून थेट हाडात शिरायला लागली म्हणून तिने डोकं उचललं. प्रत्येक थांब्याला बस गचका देई आणि दाभण एकदा फिरे. काय सांगायचं त्याला? माझा कान बंद होता हे समजण्यासारखं होतं. पण एक गोष्ट तिच्याकडे राहिली होती जी तिने मॅडमना सांगितली नव्हती. मशीन बिघडलं की कान, हे ओळखायला एक साधी युक्ती असते, पहिल्या आठवड्यात शिकवतात ती: हेडफोन उलटा घालायचा. लाल डावीकडे, निळा उजवीकडे. क्षीणपणा इअरफोनबरोबर डावीकडे गेला तर दोष मशीनचा. उजवीकडेच थांबला तर दोष तुमचा. तिने ती केली होती. काल सकाळी, क्रेनवाला यायच्या आधी, तिने हेडफोन उलटा घातला होता आणि स्वर सोडला होता आणि तेवढ्यात काउंटरवरचीने दार ढकलून, "अगं, माणूस येऊन बसलाय," असं सांगितलं होतं, आणि तिने हेडफोन काढला होता. स्वर आधी की दार आधी? ती आठवायला जायची तेव्हा आठवण दर वेळी वेगळी साक्ष द्यायची. एकदा दार आधी उघडायचं, स्वर ऐकूच यायचा नाही. एकदा स्वर आधी यायचा, लाल इअरफोनमधून, डाव्या कानात, टाचणीसारखा स्पष्ट, आणि मग ती स्वतःच दाराकडे बघायची, कोणी येतंय का म्हणून.

ऐकून न ऐकल्यासारखं करणं म्हणजे काय, ते तिला घरातच शिकायला मिळालं होतं. बाबा नकाशे काढणाऱ्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. त्यांना उजव्या कानाने जवळजवळ काही ऐकू येत नसे आणि डाव्याने निम्मंशिम्मं, पण ही गोष्ट घरात थट्टेपलीकडे कधी कोणी उच्चारली नाही. आई रस्त्यात नेहमी त्यांच्या डाव्या हाताला चालायची. बाबा कुठल्याही बोलण्याला "हो ना" किंवा "बरोबर आहे" म्हणायचे, आणि ही दोन उत्तरं जगातल्या बहुतेक वाक्यांना लागू पडतात. पाहुणे म्हणत, माणूस किती समजूतदार. आई म्हणायची, "आमचे हे सगळ्यांचं ऐकतात, फक्त ऐकू येत नाही एवढंच," आणि हसायची, आणि बाबाही हसायचे, कशाला हसतोय ते न कळता. एका थंडीत तिला अशीच सर्दी झाली होती. शाळेत जायला लागून दोनतीन वर्षं झाली असतील. आई गावाला गेली होती, आईनेच विणलेला नवा निळा स्वेटर तिच्या अंगावर होता. संध्याकाळभर कान दुखत होता, आणि बाबा घरी आल्याबरोबर ती दारातच त्यांच्यासमोर जाऊन म्हणाली, "बाबा, कान दुखतोय." बाबांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्यांचा चेहरा उजळला आणि ते म्हणाले, "दिसतोय की. छानच दिसतोय."

तिने परत सांगितलं नाही. का नाही सांगितलं याचा तिने पुढे पुष्कळ विचार केला होता, पदवीच्या वर्षात ध्वनीचे आलेख बघताना तर फारच: कान आणि छान, दुखतोय आणि दिसतोय. दोन्हींमधली वेगळी व्यंजनं उंच पट्टीत राहतात, ती गेली की खाली उरतो तो स्वरांचा सांगाडा, आणि सांगाड्यावर माणूस आपल्याला हवं ते मांस चढवतो. बाबांना समोर नवा स्वेटर घातलेली मुलगी दिसली. त्यांनी चूक केली नव्हती. उपलब्ध माहितीवरून सर्वांत शक्य ते वाक्य बनवलं होतं. त्यांना ते वाक्य किती आवडलं होतं. ते मोडायला नको म्हणून ती स्वेटरसकट झोपली, पहाटे पडदा फुटला, उशी ओली झाली आणि दुखणं थांबलं. बाबांना वाटलं, मुलीच्या हातून पाणी सांडलं. आता बसमध्ये तिच्या मनात आलं, काल क्रेनवाला बूथमध्ये जाण्याआधी तिच्याशी बोलताना डावा गाल पुढे करत होता. "तुमचा आवाज बसलाय का हो ताई?" असं त्याने विचारलं होतं. तिने ते आपल्या घशावर घेतलं होतं. मग तो आपण होऊन सांगू लागला की त्याला वरच बरं वाटतं, केबिनमध्ये. "खाली माणसं फार बोलतात. वर आपण आणि हूक. हूक काही विचारत नाही." ती हसली होती. आणि नंतर काटा चाळीसवर थांबला तेव्हा तिचा हात थांबला होता, आणि मग तिला पंधरा आठवले होते, आणि तिला बरं वाटलं होतं. वजाबाकी करताना माणसाला कशाला बरं वाटावं? ठणका आता डोळ्यामागे पोचला होता. त्याला तेवढं एकच विचारायचं होतं आणि तो ते नाडीच्या ठोक्यागणिक विचारत होता.

यार्डाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिच्या कानातला कापूस पाहून काही न विचारता आत सोडलं. आतली शेड एखाद्या उलट्या ठेवलेल्या जहाजासारखी होती, उंच आणि लांब. खाली लोखंडी पत्र्यांच्या चळती, वर दोन्ही भिंतींलगत रूळ, आणि रुळांवर पिवळी क्रेन, तिच्या कडेला टांगलेली काचेची केबिन. चहाची वेळ असावी. काम थांबलं होतं, माणसं पार दुसऱ्या टोकाला ऑफिसच्या दाराशी उभी होती. क्रेनवाला केबिनच्या शिडीखाली मान वर करून उभा होता, देवळाचा कळस बघावा तसा. ती जवळ गेली तरी त्याने पाहिलं नाही. ती त्याच्या उजवीकडून आली होती. तिने हात केला तेव्हा तो दचकला, मग ओशाळून हसला.

"एवढ्या लांब कशाला आलात ताई? फोन केला असता तर."

"केला होता."

 तिच्या डाव्या बाजूला तो यावा म्हणून ती जरा सरकली. तोही सरकला, ती त्याच्या डावीकडे यावी म्हणून. दोघे पुन्हा होते तसेच झाले. तिला वाटलं तो टाळतोय, म्हणून ती पुन्हा फिरली. त्याला काय वाटलं कोण जाणे, तोही फिरला. पत्र्यांच्या दोन चळतींमध्ये दोन मोठी माणसं भोवऱ्यासारखी एकमेकांभोवती फिरत होती आणि तोंडाने शब्द नाही. तिसऱ्यांदा दोघेही थांबले. शेजारी शेजारी उभं राहून त्यांच्यापैकी एकाचा तरी बिघडलेला कान दुसऱ्याकडे येणारच होता. साधी भूमिती होती ती. त्याने तिच्या कापसाकडे पाहिलं.

"तुमचाही उजवाच?"

"माझा सर्दीने. बरा होईल."

"हां," तो म्हणाला. "सर्दीचा बरा होतो."

मग ते समोरासमोर उभे राहिले, दुसरा उपाय नव्हता. तिने मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं: मशीन चांगलं होतं, कान माझा बंद होता, मी तुमच्या आकड्यातून पंधरा उगाच काढले, खरा आकडा चाळीस आहे. तो तिच्या ओठांकडे बघत होता. ऐकता ऐकता त्याने शिडीचा गज धरला.

"चाळीस," तो म्हणाला. "चाळीस पण नाही ताई."

"म्हणजे?"

"खोकला होता ना तुम्हाला काल. शिटी सोडायच्या आधी तुम्ही श्वास रोखून धरायचात. खोकला येऊ नये म्हणून असेल. काचेतून गळा दिसत होता." त्याने स्वतःच्या गळ्याला बोट लावून दाखवलं. "तुमचा श्वास थांबला की मी बटण दाबायचो. काही शिट्या ऐकू आल्या. सगळ्या नाही."

 म्हणजे उजव्याचाच काय, डाव्याचाही भरवसा नव्हता. काल बूथच्या दोन्ही बाजूंना मिळून जे झालं होतं त्यात कोणाच्याच कानाने काही मोजलं नव्हतं. समोर उभ्या असलेल्या या माणसाला किती ऐकू येतं, हे या क्षणी जगात कोणालाच माहीत नव्हतं. "मग तुम्ही बोलला का नाहीत?" ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला त्या प्रश्नाची लाज वाटली.

"तुम्ही पास म्हणालात. मी म्हटलं, मशिनाला जास्त कळत असेल." तो वर केबिनकडे पाहून म्हणाला, "इथे सगळं खुणेवर चालतं. खालचा माणूस हाताने सांगतो, उचल, सोड, डावीकडे घे. वीस वर्षं मी हातच वाचतोय. कान लागतो कुठे?"

"आणि कोणी ओरडला तर?"

"ओरडत नाही कोणी."

"कोणी मध्ये आला. खालच्या माणसाची पाठ आहे तिकडे. आणि तिसराच कोणीतरी ओरडला, थांब म्हणून."

 शिडीच्या गजावरचं त्याचं बोट पुढेमागे होत होतं, गंजाचा एक पापुद्रा खरवडत. "थांब कोणीही म्हणू शकतो," तो शेवटी म्हणाला, तिला नाही, पाठ केलेला धडा म्हणावा तसं. "झाडूवाला म्हणाला तरी थांबायचं. हा पहिला नियम आहे."

तेव्हा हाक आली. "ओ क्रेनवाले!" शेडच्या दुसऱ्या टोकाकडून, ऑफिसच्या दारातून, साध्या बोलायच्या आवाजापेक्षा थोड्या वरच्या आवाजात. तिच्या डावीकडून आली, म्हणजे त्याच्या उजवीकडून. रिकाम्या शेडमध्ये ती नीट, सगळ्या अक्षरांसकट पोचली. क्रेनवाला बोटाने गंज खरवडत होता. तिची मान डावीकडे वळायला निघाली आणि तिने ती जागच्या जागी धरली. छातीतला श्वासही थांबायला निघाला होता. तिने तो थांबू दिला नाही, सोडला, घेतला, सोडला. "ओ, इकडे या जरा!" दुसरी हाक. त्याने वर पाहिलं. हाकेने नाही, तिच्या गप्प राहण्याने. तो तिचा चेहरा बघू लागला, गळा बघू लागला, आणि त्याच्या डोळ्यांत एक निकड आली, परीक्षेत शेजारच्याची वही बघणाऱ्याच्या डोळ्यांत असते तशी. तिला त्याला सांगावंसं वाटत होतं. नुसती पापणी हलवली असती तरी पुरलं असतं. कानात ठोके पडत होते आणि ती श्वास घेत होती, सोडत होती, आणि चेहऱ्यावर काहीही येऊ देत नव्हती, आणि हे तिने आयुष्यात केलेलं सर्वांत निर्दय काम आहे असं तिला वाटत होतं.

पत्र्यांमधून बुटांचा आवाज जवळ आला. सुपरवायझर होता, हातात चहाचा पेला. त्याने क्रेनवाल्याच्या खांद्यावर थाप मारली तेव्हा तो आख्खा वळला.

"अहो, किती हाका मारायच्या? चहा गार होतोय तुमचा. लक्ष कुठाय?"

क्रेनवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्या तोंडावर अजूनही काही नव्हतं.

"ऐकू नाही आलं मला," तो म्हणाला.

"चालायचंच," सुपरवायझर पेला पुढे करत म्हणाला. "या शेडमध्ये गोंगाटच एवढा असतो."

"आत्ता कुठाय गोंगाट?" क्रेनवाला म्हणाला. त्याने पेला घेतला नाही. "गोंगाट नाहीये, साहेब. मला ऐकू येत नाही."